तीन बटणांचा डबा

४ ऑगस्ट, सोमवार

अव्वानं आज रिमोट भिंतीवर फेकला. ब्याऐंशीची बाई, हातात चमचा ठरत नाही, पण नेम अजून पक्का. देवाच्या फोटोला चुकवून बरोबर कॅलेंडरवर.

झालं असं की सकाळी मी दुकानाला गेलतो आणि बायको, महानंदा, अंगणवाडीवर कामाला. मागं अव्वानं टीव्ही लावायला बटण दाबलं, तर एका बोटाखाली दोन बटणं दाबली गेली. पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, ते काही जाईना. महानंदा तीनला घरी आली तोवर म्हातारी त्या निळ्या पडद्यासमोर बसून होती.

संध्याकाळी मी आलो तर जाळ काढला माझ्यावर. "चार तास निळा पडदा बघत बसलो हुतो! शाहूपुरीत तुझं टीव्हीचं दुकान, साऱ्या गावाचे टीव्ही नीट करतोस, आणि आईला निळा पडदा व्हय रं तम्मा?"

साठीचा झालो तरी रागात तम्माच म्हणते, लहान पोर असल्यासारखं. तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. ह्याच बोटांनी हुपरीला चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जुळवल्या तिनं. केसाएवढी चांदीची तार वाकवायची, कडीत कडी घालायची, सांधा पक्का व्हायला वर डाग द्यायचा. अप्पा लवकर गेले, त्याच कड्यांवर तिनं मला आयटीआय शिकवलं. आता तिला रिमोटचं एक बटण सापडत नाही. त्यात महानंदानं रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून वर दोन रबरं लावलेली. धूळ बसते म्हणे. बसू दे की! रिमोट काय देव्हाऱ्यात ठेवायचाय? पिशवी फाडून टाकली, तर बाईसाहेब जेवण होईपर्यंत बोलल्या नाहीत.

दुकानाचंही लिहून ठेवतो. चौतीस वर्षं झाली. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, फेकतात आणि नवा आणतात. महिन्यात चार गिऱ्हाइकं, त्यातलं एक पत्ता विचारायला आलेलं. महानंदा म्हणते, बंद करा. मी दसऱ्यापर्यंत बघणार. तोवर धड काम आलं नाही तर शटर कायमचं खाली. थकलोय हे खरं. पण घरी बसून करू काय? मला दुसरं काही येत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज अव्वासाठी एक डबा केला. लाइट फिटिंगचा प्लास्टिकचा बोर्ड घेतला, वहीएवढा. त्यावर दारावरच्या बेलची तीन मोठी बटणं बसवली. लाल, पिवळं, हिरवं. आत दोन जुन्या रिमोटच्या सर्किटच्या पाट्या ठेवल्या, एक टीव्हीची, एक केबलच्या बॉक्सची, आणि त्यांच्यावरून बटणांपर्यंत तारा ओढल्या. लाल दाबलं की दोन्ही एकदम चालू, पुन्हा दाबलं की बंद. पिवळं म्हणजे पुढचं चॅनेल, हिरवं म्हणजे मागचं. संपला विषय. म्हाताऱ्या माणसाला पन्नास बटणं लागतात कशाला? ते रिमोट काढणारे घरी बोटांनी सतार वाजवतात काय?

तारांना सोल्डरचा डाग देण्यात मात्र अख्खी दुपार गेली. पूर्वी असलं काम चहा गार व्हायच्या आत हातावेगळं व्हायचं. आजकालच्या पाट्यांवर तांब्याची रेघच इतकी बारीक काढतात लेकाचे. दोन स्क्रू हातातून पडले ते सापडेनात. स्क्रूसुद्धा आता गुळगुळीत येतात, बोटात ठरत नाहीत.

१२ ऑगस्ट

बेलची बटणं अव्वाला जड जातात. आतल्या स्प्रिंगा काढून नरम घातल्या. आता नुसती मूठ ठेवली तरी लागतंय. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, म्हणजे डबा मांडीवरून सरकत नाही.

अव्वानं मूठ आपटली, टीव्ही लागला. परत आपटली, बंद. परत चालू. अकरा वेळा केलं तिनं. मग म्हणाली, "आणि आवाज?"

"आवाज मोठाच करून ठेवलाय. तुला बारीक कधी लागतो?"

"व्हय की," म्हणाली आणि बोळक्या तोंडानं हसली. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

१७ ऑगस्ट, रविवार

क्रांतीताई दर रविवारी अव्वाकडून हातापायाचे व्यायाम करून घ्यायला येतात. फिजिओथेरपिस्ट आहेत, पस्तिशीच्या. आज आल्या तर अव्वानं व्यायाम बाजूला ठेवून त्यांना डबाच दाखवला. मूठ आपटून चॅनेल बदलून दाखवताना असा तोरा, की हिनंच शोध लावलाय.

क्रांतीताई डबा उलटसुलट करून बघत राहिल्या. म्हणाल्या, "काका, माझ्याकडं असे बारा पेशंट आहेत. कुणाची बोटं गेलीत, कुणाचा एक हात. घरातले सकाळी कामाला जातात. कुणी जाताना टीव्ही लावून दिला तर बघायचा, नाहीतर दिवसभर भिंत. दसऱ्यापर्यंत बारा होतील?"

मी म्हटलं, दसरा कशाला, घट बसायच्या आत देतो. नाद करायचा नाही आपला.

जाताना दारात विचारत होत्या, "उजवा खांदा दुखतो का हो? चालताना तुमचा तो हात हलत नाही." मी म्हटलं, चौतीस वर्षं त्या हातात हत्यारांची पिशवी आहे, हलेल कसा? त्या हसल्या नाहीत. आजकाल विनोद कुणाला कळत नाहीत.

बारा डबे! एवढे करून दिले की क्रांतीताईंच्या तोंडून नाव आणखी दहा घरी जाईल. दुकान वाचलं म्हणायचं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दोन झाले. नऊ दिवसांत दोन.

सामान आणायला गेलतो. मी लिहून दिलेली यादी दुकानदाराला वाचता येईना. म्हणाला, पावणं, मुंग्या सोडल्यात काय कागदावर? त्याला चष्मा लागलाय आणि कबूल करायचं नाही. मी म्हटलं, ते राहू दे, मागच्या वेळी दिलेल्या सोल्डरच्या कथलात भेसळ आहे, धरत नाही, पसरतं. तर हा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "नाचता येईना अंगण वाकडं!" अरे, तू दुकानाच्या गल्ल्यावर बसायच्या आधीपासून मी डाग देतोय. भांडण करून आलो. दुसऱ्या दुकानातनं कथील आणलं. तेही तसलंच निघालं. सगळा बाजारच नासलाय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

महानंदाचं काहीतरी बिनसलंय. मला चहा अर्धाच देते, आणि तोही कपात नाही, मोठ्या स्टीलच्या पेल्यात. पेल्याच्या तळाला चहा बघून जीव उदास होतो. विचारलं तर म्हणते, संपला की आणि देते की. साखर वाचवत असणार.

परवा माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली हिनं. साठीच्या माणसाला टिचबटणं! म्हणते, फॅशन हाय. मी म्हटलं, फॅशन करायचं वय गेलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि आत गेली. हिच्यापुढे मी हात टेकले.

दुकानात एक बाई मिक्सर घेऊन आलती, ती म्हणाली, "मामा, कुणावर राग काढलाय? तोंड असं का केलंय?" मी रागावलो नव्हतो. माझं तोंडच असं आहे. पूर्वी नव्हतं म्हणते महानंदा. पूर्वी काय मी गालात लाडू धरून फिरत होतो?

१४ सप्टेंबर, रविवार

तीन डबे पोचलेत, ते कसे चालतात बघायला क्रांतीताईंबरोबर गेलतो. त्यातलं एक घर नृसिंह गुरुजींचं. हायस्कुलात गणित शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी एक बाजू गेली. डबा आठ दिवसांमागेच त्यांच्या घरी पाठवलेला. बघतो तर डबा शोकेसमध्ये, कपबश्यांच्या शेजारी, वर प्लास्टिकची पिशवी. गुरुजी खुर्चीत, समोर टीव्ही बंद.

सूनबाई म्हणाल्या, "नवी वस्तू हाय न्हवं, खराब हुईल. रविवारी देतो की त्यास्नी." गुरुजींची जीभ जड झालीय, तरी स्पष्ट म्हणाले, "आज रविवार."

मी पिशवी काढली आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डावा तळहात टेकवला, टीव्ही लागला. क्रिकेट चाललं होतं. डोळ्यांत पाणी आलं म्हाताऱ्याच्या. माझ्याही आलं, खोटं कशाला लिहू.

तिथून बाहेर पडताना उंबऱ्याला अडखळलो. कोल्हापुरात आता उंबरेसुद्धा धड बांधत नाहीत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. माझे पाच झालेत, बारा नव्हेत.

दुकानात उजेड पुरत नाही म्हणून सगळं सामान घरी आणलंय. खिडकीशी बसतो. अव्वा टीव्ही बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसते. म्हटलं, एवढा डबा करून दिला, टीव्ही बघ की. म्हणते, "बघालोय की." आणि बघते माझ्या हाताकडेच.

आज क्रांतीताई गुरुजींचा डबा परत घेऊन आल्या. पिवळं दाबलं की चॅनेल बदलायच्या ऐवजी टीव्ही बंद पडतो. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! उघडून बघितला. सोल्डरचा एक गोळा दोन तारांवर पसरलेला. असला डाग मी आयटीआयच्या पहिल्या वर्षालासुद्धा दिला नसता. माझा नव्हेच तो. मध्ये कुणीतरी डबा उघडला असणार. सूनबाईवर माझा संशय आहे.

क्रांतीताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल काका. घाई नाही हो. पाचच झाले तरी चालतील."

चालतील म्हणजे? मला दया नको. शब्द दिलाय, दसरा तर दसरा.

२७ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस बसलोय. गुरुजींचा नीट झाला. नवा एकही नाही. सहाव्याची पाटी जाळली, तिसऱ्यांदा. सकाळी हात बरा असतो, दहा वाजेपर्यंत. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक तारेवर न्यावं तर ते शेजारी जातं. आयर्नची दांडीच जरा वाकडी आहे असं वाटतं. नवं घ्यावं.

झोप पुरत नाही. जेवताना महानंदानं आमटीत भाकरी आधीच कुस्करून ताट पुढं केलं. मी काय लहान आहे? खाल्लं मात्र. वाद घालायचा जोर नव्हता.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

महानंदानं सकाळी सगळी हत्यारं पाटावर मांडली. आयर्न, मीटर, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, भिंग. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले. माझा विचार असा की नैवेद्य झाला की गुपचूप आयर्न उचलायचं आणि बसायचं. आज हत्यार चालवायचं नसतं हे मला ठाऊक आहे. चौतीस वर्षांत कधी मोडलं नाही. पण उद्या दसरा आणि सात डबे राहिलेले.

महानंदा शेजारी हळदीकुंकवाला गेली तसा मी पाटाजवळ गेलो. अव्वा तिथंच खुर्ची ओढून बसलेली, राखणीला.

"आज त्याला सुट्टी," म्हणाली.

"सात डबे काय आभाळातनं पडणार हायत? सोड."

"बस खाली."

"अव्वा, मी साठ वर्षांचा हाय."

"म्हणूनच म्हणतोय, बस."

बसलो. उजवा हात मांडीवर होता. तो हलत होता. मी तो डाव्या हातानं धरला. मी असाच धरतो, त्यात काही विशेष नाही. अव्वानं वाकून आपली मूठ माझ्या दोन्ही हातांवर ठेवली आणि दाबून धरली. त्या मुठीत इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"किती दिस झालं?"

"कशाला?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नगंस, सोमू."

मी म्हटलं, कथील खराब आहे, पाट्या बारीक आहेत, दुकानात उजेड नाही. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी कडी जुळंना झाली तवा मी बी तारंलाच शिव्या घालत हुतो. तार निबर हाय, दिवा मिणमिणता हाय. वरीसभर. मालकानं दोनदा तार बदलून दिली. तिसऱ्यांदा मागितली तवा काय बोलला न्हाय. नुसता माझ्या हाताकडं बघून गेला. त्या दिवशी मला कळलं."

"मग काय केलंस?"

"काय करणार? परड्यात जाऊन रडलो. तू दुकानाला गेलतास. दुसऱ्या दिवशी पोरींना कड्या शिकवायला बसलो. चांगल्या शिकल्या रांडंच्या. माझ्यापरास चांगल्या."

मला तिचा राग आला. इतका की तोंडात शिवी आली. मग तिनं हळदीकुंकवाची ताटली ओढली, आणि ज्या बोटांना चिमूट धरता येत नाही त्या बोटांनी माझ्या उजव्या हाताला कुंकू फासलं. मनगटापर्यंत माखलं. "हत्यार हे हाय," म्हणाली. "लई राबलं. त्याला बी आज सुट्टी."

मी मागच्या दारी गेलो. नळ सोडला म्हणजे आवाज ऐकू जाणार नाही. किती वेळ रडत होतो माहीत नाही. हे सगळं लिहायला पाऊण तास लागलाय आणि शेवटच्या ओळी माझ्या मलाच वाचता येत नाहीत. पेनाला काही झालेलं नाही. पेन चांगलं आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

हे अक्षर महानंदाचं. मी सांगतोय, ती लिहितेय. ही वही तिच्या हातात द्यायला मला बरेच दिवस लागले. द्यायच्या आधी म्हटलं, मागचं वाचायचं नाही. ती म्हणाली, वाचून काय करू, तुमच्यासोबत राहतेच की.

दसऱ्याला क्रांतीताईंच्या हातात आपट्याची पानं दिली आणि म्हटलं, पाच झाले. सात माझ्याच्यानं होत नाहीत. हात चालत नाही. त्या म्हणाल्या, "मला ऑगस्टपासून वाटत होतं काका. दोनदा बोलायला आले आणि परत गेले." मग बोलायचं की, बाई! पण बोलल्या असत्या तर मी घराबाहेर काढलं असतं, हेही तितकंच खरं.

त्याच मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. महानंदा सोबत. डॉक्टरांनी चिमटीची उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, एक ओळ लिहून घेतली. ओळ सुरू झाली तेव्हा बरी होती, संपेपर्यंत दिसेनाशी झाली. कंपवाताच्या गोळ्या दिल्यात. म्हणाले, फरक पडेल, चालणं सुधारेल, पण बारीक कामाचा भरवसा धरू नका. मी विचारलं, म्हणजे किती बारीक? ते म्हणाले, तुम्ही करता तितकं.

घरी आल्यावर रिक्षाचे पैसे महानंदानं मोजून दिले.

काल दुकान रिकामं केलं. शटर ओढायला गेलो तर अर्ध्यावर अडकलं. महानंदानं खाली ओढलं. चौतीस वर्षांत तिनं त्या शटरला पहिल्यांदा हात लावला. शेजारचा विचारत होता, कायमचं काय? मी म्हटलं, व्हय.

सहावा डबा महानंदा करतेय. अंगणवाडीवरून आली की बसते. मी शेजारून सांगतो, अव्वा पलीकडून ओरडते. "अगं तार दाबू नगंस, नुसतं टेकीव! लेकराच्या गालाला हात लावावा तसं!" पहिल्या दिवशी हिनं बोट भाजून घेतलं आणि बोर्ड जाळला. डाग म्हणजे भिंतीवर थापलेली गोवरी. (हे मी लिहिणार नव्हते. म्हणाले, लिही. म.) परवा एक डाग बरा आला. बारका, चकचकीत, कडेला न पसरलेला. मी भिंग लावून बघितला आणि नुसतं "चालंल" म्हटलं. आनंद झाला होता. आणि हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू. तो डाग माझा असायला पाहिजे होता.

(हे मला माहीत नव्हतं. म.)

क्रांतीताई म्हणतात, दिवाळीपर्यंत दोन झाले तरी पुष्कळ. सात होतील की नाही माहीत नाही. हिला अंगणवाडी आहे, स्वयंपाक आहे, अव्वा आहे, आणि आता मी आहे. दमते. रात्री पाय चेपून घेत नाही, म्हणते तुमचाच हात दुखतोय. मी चेपतो तरी. तेवढं अजून येतं.

आज सांगून सांगून थकलो. महानंदा म्हणते, खाली नाव घाला. मी म्हटलं, बाकी सगळं तू लिहिलंयस, नावही तूच घाल. ती नाही म्हणते.

(नाव त्यांनी स्वतः घातलंय. तोवर मी कुकर लावून आले. म.)

सोमशेखर